बायरॉइटचा शतकमहोत्सवी ‘रिंग’ : आधुनिक ऑपेरा घरच्या पडद्यावर

रिखार्ड वाग्नर (१८१३–१८८३) या जर्मन संगीतकाराची ‘देर रिंग डेस निबेलुंगेन’ ही चार भागांची ऑपेरामाला ऑगस्ट १८७६ मध्ये बव्हेरियातल्या बायरॉइट गावी प्रथम सलग सादर झाली. तिच्या शताब्दीनिमित्त १९७६ मध्ये त्याच नाट्यगृहात फ्रेंच दिग्दर्शक पात्रिस शेरो यांनी ती नव्याने बसवली आणि संगीत संचालन केले फ्रेंच संगीतकार पिएर बुलेझ यांनी. हा प्रयोग पाच उन्हाळे चालला. १९७९ आणि १९८० मध्ये त्याचे दूरचित्रवाणीसाठी चित्रण झाले. पुढे व्हिडिओ कॅसेट, लेसरडिस्क आणि डीव्हीडी अशा रूपांत तो जगभरच्या घरांत पोहोचला. जुनी कृती नव्या काळात उभी करताना दिग्दर्शक नेमके काय करतो, त्यावर प्रेक्षक का चिडतात आणि तेच प्रेक्षक पुढे का पाघळतात, हे समजून घ्यायला या चित्रणाइतके चांगले साधन दुसरे क्वचितच सापडेल.

मूळ कृती

‘रिंग’ रचायला वाग्नरने १८४८ ते १८७४ अशी २६ वर्षे घेतली. संहिता त्याची आणि संगीतही त्याचेच. जर्मन आणि स्कँडिनेव्हियन पुराणकथांमधून त्याने कथानक जुळवले. ‘डास राइनगोल्ड’, ‘दी वाल्क्युरे’, ‘झीगफ्रीड’ आणि ‘ग्योटरडेमरुंग’ हे तिचे चार भाग. ते चार संध्याकाळी सादर होतात आणि संगीताचा एकूण वेळ १४–१५ तासांच्या घरात जातो.

मराठी संगीत नाटकात गद्य संवाद चालू असतात आणि योग्य जागी पद येते. गायकाला तिथे विस्ताराची मुभा असते. वाग्नरच्या ऑपेरात संवाद हेच गाणे असते. एकही वाक्य बोलले जात नाही, आणि गायकाला लिहिलेल्या स्वराबाहेर जाता येत नाही. शंभराहून अधिक वादकांचा वाद्यवृंद या गायनाला साथ करतोच, शिवाय पात्राच्या मनात काय चालले आहे तेही सांगतो. सोने, तलवार, शाप, भाला अशा प्रत्येक गोष्टीला वाग्नरने एकेक छोटे स्वरवाक्य दिले आहे. पात्र तोंडाने एक सांगत असते आणि त्याच वेळी वाद्यवृंदातले स्वरवाक्य दुसऱ्याच गोष्टीची आठवण करून देते. ‘रिंग’चे निम्मे नाट्य या आठवणींत आहे.

कथेचा गाभा सत्ता आणि प्रेम यांच्यातला झगडा हा आहे. ऱ्हाईन नदीच्या तळाशी जलकन्या सोन्याची राखण करत असतात. जो प्रेमाचा कायमचा त्याग करील त्यालाच त्या सोन्याची अंगठी घडवता येईल आणि ती अंगठी घालणारा जगावर राज्य करील. अल्बेरिख हा ठेंगू प्रेमाला शाप देऊन सोने पळवतो. देवांचा राजा वोटान याने राक्षसांकडून वाल्हाला हा महाल बांधून घेतलेला असतो. त्याची मजुरी चुकती करण्यासाठी तो कपटाने अल्बेरिखची अंगठी लुबाडतो. अल्बेरिख अंगठीला शाप देतो आणि तिथून विनाशाची साखळी सुरू होते. वोटानची माणसांपासून झालेली मुले झीगमुंड आणि झीगलिंड, त्याची लाडकी योद्धा कन्या ब्र्युनहिल्ड, झीगमुंड-झीगलिंडचा मुलगा झीगफ्रीड असे सगळे तिच्यात ओढले जातात. शेवटी ब्र्युनहिल्ड झीगफ्रीडच्या चितेत उडी घेते, अंगठी ऱ्हाईनला परत मिळते आणि वाल्हाला जळून जातो.

नाट्यगृह आणि परंपरा

बायरॉइटचे नाट्यगृह वाग्नरने खास आपल्या ऑपेरांसाठी बांधून घेतले. १८७२ मध्ये त्याची पायाभरणी झाली, आणि बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग याने पैसा पुरवला म्हणून ते पुरे झाले. वाद्यवृंदाची जागा रंगमंचाखाली खोल आणि छपराने झाकलेली आहे. वादक प्रेक्षकांना दिसत नाहीत, आवाज आधी रंगमंचाकडे जातो आणि गायकांच्या आवाजात मिसळून सभागृहात येतो. त्यामुळे एवढ्या मोठ्या वाद्यवृंदासमोरही शब्द ऐकू येतात.

१८७६ च्या प्रयोगात रंगवलेले डोंगर-जंगल होते, अस्वलाची कातडी होती, शिरस्त्राणे आणि ढाली होत्या. वाग्नरच्या मृत्यूनंतर त्याच्या पत्नीने, कोझिमाने, हीच पद्धत जपली. पुढे हिटलर बायरॉइटचा नेहमीचा पाहुणा बनला आणि वाग्नर घराण्याने त्याचे स्वागत केले. वाग्नरने स्वतः ज्यूद्वेष्टे लेखन केलेले होतेच. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धानंतर या नाट्यगृहावर मोठा डाग होता. १९५१ मध्ये महोत्सव पुन्हा सुरू झाला तेव्हा वाग्नरचा नातू वीलांड याने रंगमंच जवळजवळ रिकामा केला. एक गोल चौथरा, प्रकाश आणि माणसे एवढेच ठेवले. पुराणकथा काळ आणि देश यांपलीकडे नेऊन त्याने जुन्या जर्मन थाटमाटापासून तिची सुटका केली. १९६६ मध्ये वीलांड वारला. त्याचा भाऊ वोल्फगांग याने शताब्दीच्या ‘रिंग’साठी बाहेरच्या लोकांना बोलवायचे ठरवले. बुलेझ यांनी १९६६ मध्ये बायरॉइटला ‘पार्झिफाल’चे संचालन केलेले होते. शेरो मात्र तेव्हा जेमतेम ३१ वर्षांचे होते आणि त्यांच्या खाती फार थोडे ऑपेरा होते. त्यांच्याबरोबर नेपथ्यकार रिशार पेदुझी आणि वेशभूषाकार झाक श्मिट हे फ्रेंच सहकारीही आले.

शेरो यांची मांडणी

वीलांडने कथा काळाबाहेर नेली होती. शेरो यांनी ती काळात आणली, आणि तीही वाग्नरच्या स्वतःच्या काळात. पडदा उघडतो तेव्हा ऱ्हाईनवर जलविद्युत धरणाची भिंत उभी असते. जलकन्या एकोणिसाव्या शतकातल्या वेश्यांच्या पेहरावात तिथे फिरत असतात. वोटान लांब कोटातला कारखानदार वाटतो, अल्बेरिखचे पाताळ म्हणजे मजुरांची पिळवणूक करणारा कारखाना. शेवटच्या भागातले दरबारी थेट विसाव्या शतकाच्या पोशाखात येतात. कातडी अंगरख्यात वाढलेला झीगफ्रीड लग्नासाठी जाकीट-बो चढवतो. म्हणजे चार भागांत कथा जशी पुढे सरकते, तसा काळही पुढे सरकत प्रेक्षकाच्या जवळ येतो.

ही कल्पना हवेतून आलेली नव्हती. ‘रिंग’ची पहिली टिपणे लिहिल्यानंतर काही महिन्यांतच, १८४९ च्या ड्रेस्डेन उठावात वाग्नर सामील झाला होता आणि उठाव फसल्यावर त्याला स्वित्झर्लंडला पळावे लागले होते. १८७७ मध्ये लंडनची गोदी, वाफ आणि धूर पाहून अल्बेरिखचे स्वप्न इथे खरे झाले आहे, असे तो म्हणाल्याची नोंद कोझिमाच्या दैनंदिनीत आहे. जॉर्ज बर्नार्ड शॉ यांनी १८९८ मध्येच ‘रिंग’ हे भांडवलशाहीचे रूपक आहे असा पुस्तकभर युक्तिवाद केला होता. पूर्व जर्मनीतल्या लाइपझिगला योआखिम हेर्त्स यांनी सत्तरच्या दशकात याच दिशेने ‘रिंग’ बसवला होता. शेरो यांनी हा विचार बायरॉइटच्या रंगमंचावर, वाग्नरच्याच घरात आणला. शिवाय संहितेतला एक शब्द किंवा संगीतातला एक स्वरही त्यांनी बदलला नाही.

या मांडणीत यंत्रे फार आहेत, आणि ती लपवलेली नाहीत. ‘झीगफ्रीड’मधला ड्रॅगन चाकांवरचे अवजड धूड आहे आणि ते ढकलणारी माणसे उघड दिसतात. रानातला बोलका पक्षी पिंजऱ्यात आहे. मोडक्या तलवारीचे तुकडे वितळवून झीगफ्रीड नवी तलवार घडवतो, त्या प्रसंगी रंगमंचावर प्रचंड यंत्रहातोडा चालतो. मूळ कथेत हा मुलगा देवांच्या मदतीशिवाय वाढलेला, पूर्ण स्वतंत्र वीर मानला जातो. शेरो यांच्या रंगमंचावर त्याच्या स्वातंत्र्याची साधनेही आधीच कोणी तरी मांडून ठेवलेली दिसतात. वोटानला स्वतंत्र माणूस हवा आहे, पण तो घडवता येत नाही, ही ‘दी वाल्क्युरे’मधली त्याची तक्रारच इथे डोळ्यांना दिसते.

दोन प्रसंग जवळून

‘दी वाल्क्युरे’च्या दुसऱ्या अंकात वोटान ब्र्युनहिल्डला आपली सगळी हकिगत सांगतो. कथेच्या दृष्टीने हा कणा आहे, पण रंगमंचावर एक माणूस बराच वेळ जवळजवळ स्वतःशी गात राहतो, म्हणून पुष्कळ प्रयोगांत तो कंटाळवाणा होतो. शेरो यांनी इथे एक मोठा आरसा आणि छतापासून टांगलेला एक लंबक ठेवला आहे. वोटान आरशातल्या स्वतःकडे पाहत बोलतो आणि मागे लंबक संथपणे झुलत राहतो. सगळ्याचा शेवट व्हावा एवढीच आता इच्छा उरली आहे, या कबुलीपाशी तो लंबक हाताने थांबवतो. डोनाल्ड मॅकिन्टायर या न्यूझीलंडच्या गायकाचा चेहरा या वेळी कॅमेरा जवळून दाखवतो. सत्ताधीशाचा आवाज हळूहळू कुजबुजीपर्यंत उतरतो आणि ग्वेनेथ जोन्स यांची ब्र्युनहिल्ड ते ऐकताना भेदरत जाते. न गाणारे पात्रही किती काम करते, हे इथे समजते.

त्याच अंकाच्या शेवटी झीगमुंड आणि झीगलिंडचा नवरा हुंडिंग यांचे द्वंद्व होते. कायद्यापुढे नमलेल्या वोटानला स्वतःच्या मुलाचा घात करावा लागतो. वाग्नरच्या सूचनेनुसार वोटान भाला आडवा धरतो, झीगमुंडची तलवार मोडते आणि हुंडिंग त्याला मारतो. शेरो यांनी त्यापुढे एक क्षण वाढवला आहे. कोसळणाऱ्या मुलाला वोटान मिठीत घेतो, आणि ज्याला तो आयुष्यभर शोधत होता तो बाप समोर आहे हे झीगमुंडला मरता मरता कळते. पेटर होफमान यांचा तरुण, देखणा झीगमुंड असाच प्राण सोडतो. या वेळी कोणीही काही गात नाही. जे घडते ते वाद्यवृंदातच ऐकू येते. संहितेत नसलेली ही मिठी संगीतात मात्र आधीपासून होती, असे वाटायला लावणे हे उत्तम दिग्दर्शनाचे लक्षण आहे.

गायकांची निवडही याच हिशेबाने झाली होती. इथे आवाजाइतकाच अभिनय मोलाचा होता. हाइन्झ झेडनिक यांनी ‘डास राइनगोल्ड’मध्ये धूर्त अग्निदेव लोगे आणि ‘झीगफ्रीड’मध्ये झीगफ्रीडला वाढवणारा, चष्मा लावलेला, घाबरट ठेंगू मीमे उभा केला. पूर्वी मीमेची भूमिका नुसती हिडीस आणि हास्यास्पद केली जाई, आणि त्यात ज्यूद्वेषाची छटाही मिसळे. झेडनिक यांचा मीमे लबाड आहे, पण आयुष्यभर मार खाल्लेला माणूसही आहे.

विरोधापासून जयघोषापर्यंत

१९७६ च्या पहिल्या प्रयोगांत शिट्ट्या वाजल्या, आरडाओरडा झाला, निषेधाची पत्रके वाटली गेली. वाग्नरने निसर्गाचे, देवदेवतांचे जग लिहिले असताना धरण आणि कारखाना कशाला, हा मुख्य आक्षेप होता. फ्रेंच मंडळींनी जर्मन वारशाला हात घातला याचाही राग होता. बुलेझ यांची पारदर्शक आणि वेगवान लय वाद्यवृंदातल्या काहींना रुचली नाही. वाग्नर म्हणजे जड आणि संथ, अशी सवय पडलेली होती.

बायरॉइटची रीत अशी की एक प्रयोग काही वर्षे चालतो आणि दर उन्हाळ्यात त्यात सुधारणा होते. शेरो यांनी या सवलतीचा पुरेपूर उपयोग केला. ब्र्युनहिल्ड जिथे निद्रिस्त होते तो डोंगर दुसऱ्या वर्षी बदलून गेला, हालचाली घासूनपुसून घेतल्या गेल्या, गायक बदलले. १९७७ मध्ये झीगफ्रीड गाणारे रने कोलो यांचा पाय मोडला तेव्हा ते विंगेतून गायले आणि रंगमंचावरचा अभिनय स्वतः शेरो यांनी केला. प्रेक्षकही दरवर्षी तोच प्रयोग नव्या नजरेने पाहत गेले. १९८० च्या उन्हाळ्यात शेवटचा प्रयोग संपला तेव्हा टाळ्या थांबायला तयार नव्हत्या. चार वर्षांत मूळ कल्पना बदलली नव्हती. प्रयोग पक्का झाला होता आणि लोकांना तो पुन्हा पाहायला मिळाला होता.

चित्रण

शेवटचा भाग, ‘ग्योटरडेमरुंग’, १९७९ मध्ये चित्रित झाला आणि उरलेले तीन १९८० मध्ये. दूरचित्रवाणीसाठीचे दिग्दर्शन ब्रायन लार्ज यांनी केले. चित्रण बायरॉइटच्याच रंगमंचावर, पण रिकाम्या सभागृहात झाले. प्रेक्षक नसल्याने खोकला नाही, टाळ्या नाहीत आणि कॅमेऱ्यांना हव्या त्या जागा मिळाल्या. पूर्ण ‘रिंग’ दूरचित्रवाणीवर येण्याची ही पहिलीच वेळ. ब्रिटनमध्ये बीबीसीने तो आठवड्याला एक अंक असा दाखवला. अमेरिकेत १९८३ मध्ये, म्हणजे वाग्नरच्या मृत्यूच्या शताब्दी वर्षात, सार्वजनिक दूरचित्रवाणीवरून तो प्रसारित झाला. बायरॉइटच्या नाट्यगृहात जेमतेम दोन हजार माणसे बसतात आणि तिकिटासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. त्या मानाने या प्रसारणाने ‘रिंग’चा प्रेक्षकवर्ग कैक पटींनी वाढवला.

घरी पाहताना काय मिळते, काय हरवते

पहिली मोठी मिळकत शब्दांची. रंगमंचाच्या वर भाषांतर झळकवण्याची सोय ऑपेरागृहांत प्रथम जानेवारी १९८३ मध्ये टोरांटोला, रिखार्ड श्ट्राउसच्या ‘एलेक्ट्रा’साठी वापरली गेली. बायरॉइटने ती स्वीकारलेली नाही. तिथे प्रेक्षकाने संहिता वाचून यावे अशी अपेक्षा असते. घरच्या पडद्यावर मात्र प्रत्येक ओळीचा अर्थ इंग्रजीत खाली वाचता येतो. ‘रिंग’सारख्या वादविवादांनी भरलेल्या ऑपेरात हा फरक फार मोठा आहे.

दुसरी मिळकत चेहऱ्यांची. शेरो मुळात नाटकाचे आणि पुढे सिनेमाचेही दिग्दर्शक. त्यांनी गायकांकडून नजरेचा, हाताचा, वळण्याचा बारीक अभिनय करून घेतला होता. नाट्यगृहात मागच्या रांगेपर्यंत तो पोहोचणे अवघड. कॅमेऱ्याने तो जपला. तिसरी मिळकत म्हणजे थांबण्याची आणि मागे जाण्याची मोकळीक.

हरवते तेही लक्षात ठेवले पाहिजे. कॅमेरा एका चेहऱ्यावर असतो तेव्हा बाकीचा रंगमंच दिसत नाही, आणि कुठे पाहायचे हे प्रेक्षकाऐवजी चित्रण-दिग्दर्शक ठरवतो. पेदुझी यांची भव्य वास्तुरचना त्या काळच्या जवळजवळ चौकोनी पडद्यात आक्रसते. चित्र आजच्या मानाने धूसर आहे. झाकलेल्या वाद्यवृंदातून उमटणारा, सगळीकडून वेढणारा नाद दूरचित्रवाणीच्या छोट्या स्पीकरमधून येणे शक्य नाही. म्हणून चांगल्या स्पीकरची किंवा निदान चांगल्या हेडफोनची सोय करावी. ‘डास राइनगोल्ड’ची सुरुवात १३६ मात्रागणांपर्यंत एकाच स्वरसंघावर चालते आणि अगदी खालच्या, जेमतेम ऐकू येणाऱ्या षड्जासारख्या स्वरातून नदी वर चढत येते. ती ऐकू आली नाही तर पुढच्या सगळ्या इमारतीचा पाया हुकतो.

पाहण्याचा क्रमही विचारपूर्वक ठरवावा. ‘डास राइनगोल्ड’ सुमारे अडीच तासांचा आणि मध्यंतराविना आहे. बाकी तिन्ही भाग तीन-तीन अंकांचे आहेत. पूर्ण भाग एका बैठकीत संपवण्याचा हट्ट नको, एका संध्याकाळी एक अंक पुरे. आधी त्या अंकाचा कथासारांश वाचावा. ज्यांना एकदम सुरुवातीपासून जमणार नाही त्यांनी ‘दी वाल्क्युरे’चा पहिला अंक आधी पाहावा, तिथे झीगमुंड, झीगलिंड आणि हुंडिंग ही तीनच पात्रे आहेत आणि कथा सरळ चालते. पहिल्या फेरीत शब्द आणि कृती यांकडे लक्ष द्यावे. दुसऱ्या फेरीत तोच अंक, वाचन कमी करून, वाद्यवृंदाकडे कान देत पाहावा.

तुलनेसाठी दुसरी चित्रणे

एखाद्या मांडणीचे मोल तुलनेने कळते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने ओटो शेंक यांच्या दिग्दर्शनाखाली, जेम्स लेव्हाइन यांच्या संचालनात बसवलेला ‘रिंग’ १९८९ आणि १९९० मध्ये चित्रित झाला. त्यात वाग्नरच्या रंगसूचना मोठ्या निष्ठेने पाळल्या आहेत. डोंगर डोंगरासारखे आणि जंगल जंगलासारखे आहे. बायरॉइटलाच हॅरी कुपफर आणि डॅनियल बारेनबॉइम यांनी १९८८ पासून केलेला ‘रिंग’ विनाशानंतरच्या उजाड जगात घडतो. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाला ‘ला फुरा देल्स बाउस’ या नाट्यसंस्थेने २००७ ते २००९ या काळात कसरतपटू कलावंत, क्रेन आणि प्रचंड संगणकीय चित्रे वापरून ‘रिंग’ उभा केला. त्याचे संचालन मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहतांनी केले आणि त्याचेही चित्रण उपलब्ध आहे. मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात मेट्रोपॉलिटनचे चित्रित ऑपेरा मोठ्या पडद्यावर दाखवले गेले आहेत; अशी संधी मिळाल्यास ती दवडू नये.

ही चित्रणे शेजारी ठेवली की आधुनिक मांडणीवरचा नेहमीचा वाद नीट तपासता येतो. दिग्दर्शकाने मूळ कृतीशी स्वैर वागू नये, हा आग्रह रास्तच आहे. पण कृतीशी प्रामाणिक राहणे म्हणजे १८७६ चे पुठ्ठ्याचे डोंगर जपणे नव्हे. कसोटी एकच ठेवावी. रंगमंचावर जे दिसते त्यामुळे संगीत आणि शब्द अधिक कळतात की झाकले जातात? शेरो यांच्या ‘ग्योटरडेमरुंग’च्या शेवटी वाल्हाला जळत असतो आणि प्रेक्षकांकडे पाठ केलेला जमाव तो वणवा पाहत असतो. मग वाद्यवृंद शेवटचे स्वरवाक्य घेतो आणि ती साधी माणसे एकेक करून वळतात, उठून उभी राहतात आणि सभागृहाकडे पाहत राहतात. देव संपले, आता जग माणसांच्या हाती आहे, हा अर्थ संगीतात होताच. इथे तो प्रेक्षकाच्या अंगावर येतो. अशी कसोटी लावली तर हा प्रयोग वाग्नरशी प्रामाणिक ठरतो. १९७६ च्या प्रेक्षकांना हे पटायला चार उन्हाळे लागले. घरच्या पडद्यासमोर बसणाऱ्याने निदान एकदा पूर्ण आणि निवडक अंक दुसऱ्यांदा पाहावेत, आणि मगच आपले मत बनवावे.